शालिकरामचं घेणं

त्या दिवशी शालिकरामने रुपये वाजवून पाहिले नाहीत. झालं ते एवढंच. अमरावतीच्या बाहेर वडाळीच्या बाजूला त्याचा भाजीचा मळा होता. मळ्यातल्या विहिरीशी मोटेचं पाणी जिथे पडतं त्या दगडावर तो दर महिन्याला हरिहरने आणलेला एकेक रुपया आपटायचा, कान तिरपा करून नाद ऐकायचा, मग धोतराच्या मळक्या सोग्यावर घासून कनवटीला लावायचा. पाचही रुपयांची अशी परीक्षा होईस्तोवर हरिहरने कोट-टोपी सांभाळत शेणखताच्या वासात उभं राहायचं. आज दगडाशी कोणी नव्हतं. शालिकराम संत्र्याच्या झाडाखाली बाजेवर पडला होता. अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात गोधडीवर दुसऱ्या कोणाचा तरी आणून ठेवल्यासारखा, तोंड एका अंगाला ओढलेलं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. हरिहरने सवयीने रुपये पुढे केले. शालिकरामने रुपयांकडे पाहिलंच नाही. हरिहरच्या तळव्याकडे पाहत राहिला, बराच वेळ, आणि घशात काहीतरी पुटपुटला. त्याची बायको मनकर्णाबाई हिने पैसे घेतले, न मोजता उशाखाली सारले आणि पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं. हरिहर मळ्याबाहेर पडला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आज आपल्याला किळस आली नाही. लाळ पाहूनही आली नाही. आली ती कीव, आणि कीव आली या विचाराने तो इतका धास्तावला की अंबानाल्याच्या पुलावर त्याला कठड्याला हात टेकून उभं राहावं लागलं.

कारण हरिहरचं कर्ज किळसेवर फिटत आलं होतं. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण ज्याने वकिलाच्या कचेरीत कारकुनी करून अडीचशे रुपये व्याजासकट फेडायला घेतले असतील त्याला यात नवल वाटणार नाही. पहिल्या वर्षी त्याने आशेवर भागवून पाहिलं. कर्ज फिटलं की बायकोला, रमेला, घेऊन कौंडण्यपूरच्या जत्रेला जायचं, वर्धेच्या पाण्यात पाय सोडून बसायचं, तिला चांगल्या काठाचं एक लुगडं घ्यायचं. पगाराच्या दिवशी हे चित्र झकास दिसे. दहा तारखेला त्याचे रंग उडत, वीस तारखेला नदी आटे, आणि महिनाअखेर पाच रुपयांतले दोन कुठेतरी जिरलेले असत. मग मळ्यात जाऊन तोंड वेंगाडायचं, पुढच्या खेपेला पुरे करतो म्हणायचं. शालिकराम हाव हाव म्हणून मान डोलवायचा, घाई नाही म्हणायचा, आणि हरिहर त्यावर खूश होऊन परत येताना चिवडा खायचा. आशेने पोट सुटतं, कर्ज फिटत नाही. मग एकदा असं झालं की शालिकरामने तंबाखूची पिचकारी हरिहरच्या वहाणेजवळ टाकली, हाताने मिशी पुसली आणि त्याच ओल्या हाताने एक पेरू त्याच्यापुढे धरला. घ्या महाराज, आपल्या मळ्यातला हाये. घेतल्यावाचून सुटका नव्हती. शालिकराम कौतुकाने पाहत उभा होता, म्हणून एक चावाही घ्यावा लागला. त्या चाव्याची शिसारी हरिहरच्या जिभेवर महिनाभर राहिली. हॉटेलाच्या पायरीवर पाऊल ठेवलं की ती आठवे आणि चहाचे पैसे खिशातच राहत. त्या महिन्याचा हप्ता ठरल्या दिवसाच्या आधीच गेला.

तेव्हापासून त्याने ही किळस लोणच्याच्या बरणीसारखी जपली. मनकर्णाबाई इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घेऊन बसे; तिच्या हाती पैसे देणं सोपं होतं. पण हरिहर मुद्दाम मळ्यात जाई आणि महिन्याची शिदोरी बांधून आणी. शालिकराम कानात काडी फिरवतो आणि काडीचं टोक उजेडात धरून पाहतो, ते. सडकी फुलकोबी हाताने फोडून आतली अळी नखाने उडवतो, ते. आणि "महाराज" म्हणतो, ते तर सगळ्यांत वाईट. हरिहर कसला महाराज? महाराज होता त्याचा बाप, मोरोपंत भिक्षुक, शालिकरामच्या घरी सत्यनारायण सांगणारा आणि शालिकरामला अरे-तुरे करणारा. हरिहर त्याला "तुम्ही" म्हणत असे. ज्या दिवशी पैसे घेतले त्या दिवशी मळ्यात शिरताना शालिकराम "तू" होता आणि बाहेर पडताना "तुम्ही" झाला होता, आणि हा बदल आपल्या जिभेने किती बिनबोभाट केला हे आठवलं की हरिहरला आपलीच जीभ ओढून फेकावीशी वाटे. पैसे घेतले होते वकिलीच्या परीक्षेसाठी. नागपुरातली खोली, खानावळ, पुस्तकं, फी. सावकार गहाण मागत होते. शालिकरामने काहीच मागितलं नाही; महाराजांचा पोरगा आहे, पळून कुठे जाईल, एवढंच म्हणाला, आणि व्याजही सावकाराच्या निम्मं लावलं. हरिहर दोनदा बसला आणि दोनदा नापास झाला. त्याच खोलीत, त्याच दिव्यापाशी वाचणारा रामराव पहिल्याच खेपेला पास झाला, त्याने अकोल्याला वकिली थाटली आणि वर्षाच्या आत हरिहरच्या बहिणीला, सिंधूला, करून घेऊन गेला. म्हणजे हरिहर फेडत होता ते हाती न आलेल्या वस्तूचे पैसे. खाल्लेल्या जेवणाचे पैसे देताना निदान ढेकर तरी आलेली असते. त्याच्याजवळ तीही नव्हती.

बुधवाऱ्यातल्या दोन खोल्यांत रमा ताट वाढून बसली होती. लग्न झालं तेव्हा ती फार हसायची. सुरुवातीला हरिहर जेवताना शालिकरामच्या नकला करी, रुपयाचा नाद ऐकताना वळणारी मान, मिशीत अडकलेली तंबाखूची थुंकी, आणि रमा तोंडाला पदर लावून हसायची. पुढे ती उगीच हसू लागली. मग एके दिवशी म्हणाली की जेवताना असलं नका बोलू. पण विरजणाचा थेंब एकदा दुधात पडला की दूध काही दुधासारखं राहत नाही. मनकर्णाबाई ज्या ओळीत बसते ती ओळ टाळून हरिहर पलीकडून सुकलेली वांगी आणू लागला. शेजारच्या तान्ह्या पोराच्या अंगाचा आंबूस वास त्याला भिंतीपलीकडून येऊ लागला. रमा ताक पिताना घशाचा जो बारीक आवाज होतो तो त्याला ऐकू येऊ लागला, आणि एकदा ऐकू आल्यावर तो थांबेना. हे सगळं त्याला कळत होतं. कर्ज फिटलं की हेही जाईल, असं त्याने स्वतःला बजावून ठेवलं होतं, आणि तेवढ्या आधारावर तो आपल्या बायकोकडे न पाहता जेवायला शिकला होता.

शालिकरामच्या अंगावरून वारं गेल्याचं त्याने सांगितलं तेव्हा रमेच्या हातातला डाव तसाच राहिला. बोलता येतं का, तेल कोण चोळतं, वैद्य काय म्हणतात, असं तिने विचारलं. हरिहरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं. आपले चाळीस रुपये राहिले, एवढं तो म्हणाला. मग रविवारची दुपार होती म्हणून चटईवर आडवा झाला आणि डोळे मिटून तो पेरू आठवू लागला. पेरू आठवला, त्याची शिसारी आठवेना. जिभेवर नुसता पेरू आला, गोड, आतून गुलाबी. त्या आठवड्यात जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी रस्ते भरले होते, कचेरीत पक्षकारांची गर्दी होती, आणि हरिहरने दोन वेळा हॉटेलात भजी खाल्ली. दुसऱ्या वेळी गल्ल्यावर आणा ठेवताना त्याला घाम फुटला. चाळीस रुपये म्हणजे आणखी आठ महिने. दात कोरून पोट भरायचं ते आठ महिने, आणि कोरायचा दातच पडून गेला होता.

पुढच्या रविवारी मनकर्णाबाई स्वतः दारी आली. डोक्यावर रिकामी टोपली होती; बाजार अर्ध्यावर टाकून आली असावी. ती पायरीवरच टेकली. रमेने वरून धरलेलं पाणी ओंजळीने प्यायली, तोंड पुसलं, आणि मग हरिहरकडे वळली.

"महाराज, त्याइचं आता काई खरं नाई. मळा पोराईच्या नावानं करून देल्ला. बैल वाटले, मोट वाटली. आता त्याइचं म्हणाचं असं तुमच्याकडलं घेणं तेवढं राह्यलं."

हरिहर घाईने म्हणाला की राहिलेले पैसे वेळच्या वेळी पोचतील, त्याबद्दल शंका नको.

"पैशाचं नाई म्हणून राहिली मी," ती म्हणाली. "त्याइले ते सोडाचं हाये. हातावर पाणी घालून. तुमी बामनबी हा अन् देणेकरीबी हा, मंग दुसऱ्या कोनाच्या हातावर घालून कसं चालन? घेणं ठेवून मानूस गेला त जीव घुटमयते म्हंतात. बोलता येत नाई त मले हातानं दाखवते, महाराजाले बलाव म्हणून. तुमी या अन् हात पुढं करा. बाकी काई नाई."

हात पुढं करा. तिने किती साधेपणाने म्हटलं ते. हरिहरच्या डोळ्यांपुढे आला तो बापाचा हात. मोरोपंतांचा तळवा फार सुंदर होता, गोरा, मऊ, रेषा ठळक. तो नेहमी किंचित ओला असे. अमरावतीतल्या निम्म्या घरांनी त्या तळव्यावर पाणी सोडलं होतं: पाणी, वर तुळशीचं पान, पानावर सुपारी, सुपारीपाशी पैसा. लहानपणी हरिहर बापामागून फिरायचा आणि शिध्याची झोळी त्याच्या खांद्यावर असायची, ओल्या तांदळाचा आणि गुळाचा एक कोंदट वास येणारी. यजमानाच्या नखात काय आहे, त्याने आत्ताच नाक शिंकरलं आहे की नाही, हे बाप पाहत नसे; हात पुढे करून डोळे मिटून मंत्र म्हणत असे. हरिहर मात्र पाहत असे. बोटांवरून पाणी घरंगळत येताना त्याबरोबर काय काय येतं ते त्याला दिसे. एकदा जवळच्या खेड्यात एका घरी बाराव्याला गेले होते. मेलेल्या म्हाताऱ्याचा अंगरखा, छत्री आणि जोडा मोरोपंतांना दान मिळाला. घरी येताना ऊन होतं म्हणून बापाने ती छत्री उघडली. तिच्या मुठीला म्हाताऱ्याच्या हाताचा मळ चिकटलेला होता, आणि बाप ती मूठ धरून, पोराला सावलीत घेऊन, खुशीत गुणगुणत चालला होता. हरिहर त्या सावलीतून बाहेर पडून उन्हातून चालला. त्याच रस्त्यावर त्याने ठरवलं की आपला हात कधी असा पुढे होणार नाही. वकिलीची कल्पना कायद्याच्या आवडीतून वगैरे मुळीच आली नव्हती. वकिलापुढे लोक पैसे टेबलावर ठेवतात, हातावर ठेवत नाहीत, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं.

दोन दिवसांत येतो, असं त्याने मनकर्णाबाईला सांगितलं. ती समाधानाने उठली. लवकर येजा, म्हणाली, आणि टोपली उचलून गेली. रमेचा चेहरा उजळला होता. चाळीस रुपये सुटत होते. सुंठीवाचून खोकला जात होता, तिला आनंद झाला तर नवल नव्हतं. पण ती पैशाचं बोलली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्या माणसाचा जीव सुखाने जाईल. तुम्ही उद्याच जा. दोन दिवस कशाला?"

"मी भिक्षुक नाही," हरिहर म्हणाला.

"हात तर पुढे करायचा आहे."

इतक्या वर्षांची किळस त्याने काय त्या हातासाठी सांभाळली होती? आठवडाभर जी येत नव्हती ती आता चहूबाजूंनी आली, आणि त्या येण्यात एक सुख होतं, ताप उतरल्यावर भूक लागावी तसं. माळ्याने मरता मरता पुण्य गाठीला बांधायचं, आणि ते बांधायला दोरी म्हणून मोरोपंत भिक्षुकाचा पोरगा वापरायचा! म्हणजे मळ्यात केलेल्या इतक्या खेपा, वाजवलेले इतके रुपये, सगळं पुसून शेवटी उरणार काय, तर बापाचा ओला तळवा. त्याला पैसे द्यायचे होते. शेवटच्या रुपयापर्यंत द्यायचे होते, आणि तेही शालिकरामच्या देखत, शालिकरामचे डोळे उघडे असताना. आठ महिने थांबायला शालिकरामपाशी वेळ नव्हता. सकाळी कचेरीत पोट दुखल्याचा निरोप पाठवून हरिहर बडनेऱ्याला गेला आणि अकोल्याच्या गाडीत बसला.

रामरावचं घर ताजनापेठेत होतं, दारावर पाटी, ओसरीवर पक्षकार. रामराव आरामखुर्चीत बसून संत्रं खात होता. फोड तोंडात घालायचा, गाल आत ओढून रस चोखायचा, आणि चोथा व बिया तळहातावर थुंकून समोरच्या अर्जाच्या कोपऱ्यावर ठेवायचा. नागपूरच्या खोलीतही तो असाच खात असे, पुस्तकाच्या पानावर. हरिहरने सगळं सांगितलं. इतकं सांगायची गरज नव्हती, पण चाळीस रुपये मागताना माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. सिंधू चहा घेऊन आली होती. ती कप ठेवून दाराशी थबकली आणि दादाच्या वहाणांकडे पाहत राहिली. रामरावने ऐकून घेतलं आणि खो खो हसला.

"अरे, तो माफ करतोय आणि तू कर्ज काढून फेडतोयस?" तो म्हणाला. "म्हणूनच तू नापास झालास."

मग उठून त्याने पेटीतून पैसे काढले. देताना मोठ्या मनाने दिले, ते खोटं नाही. घरचेच पैसे, म्हणाला. व्याज कसलं देतोस, म्हणाला. पण सवय मोडू नये म्हणून महिन्याला पाच आणून देत जा, त्या निमित्ताने सिंधूची भेट होईल. एवढं बोलून संत्र्याने चिकट झालेला हात त्याने हरिहरच्या खांद्यावर थोपटला. सिंधू आत निघून गेली होती. हरिहरने कप उचलला, चहावर साय धरली होती, ती बोटाने बाजूला करून त्याने चहा संपवला.

तो मळ्यात पोचला तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन वर आलं होतं. त्याची वाट पाहिली जात होती हे लांबूनच कळलं. बाजेभोवतीची जमीन सारवली होती. पाट मांडला होता, पाटाशेजारी घासून लख्ख केलेला तांब्या, तांब्यावर तुळशीची पानं. शालिकरामला उशांना टेकवून बसवलं होतं आणि कोणीतरी त्याची दाढी केली होती. हरिहरला पाहताच त्याच्या एका बाजूच्या चेहऱ्यावर हसू आलं. दुसरी बाजू तशीच राहिली. मनकर्णाबाईने नवऱ्याचा मेलेला उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला, दुसऱ्या हाताने तांब्या धरला, आणि पाटाकडे मान हलवून हरिहरला बसा म्हणून खुणावलं. हरिहर बसला नाही. कोटाच्या खिशातून त्याने पुरचुंडी काढली, सोडली, आणि चाळीस रुपये गोधडीवर ओतले. काही घरंगळून शालिकरामच्या मांडीशी गेले.

"मोजून घ्या," तो म्हणाला. "सगळे आहेत."

शालिकराम रुपयांकडे पाहत होता. त्याला वेळ लागला. मग त्याने हरिहरचा हात शोधला. हरिहरने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. घशातून एक आवाज निघाला, शब्द नव्हताच तो, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, त्या ओढल्या गेलेल्या बाजूनेही. हरिहर ते पाहत उभा राहिला. याच क्षणासाठी त्याने चिवडा सोडला होता, चहा सोडला होता, बायकोचं हसू सोडलं होतं. तो वाट पाहत होता की आता काहीतरी होईल.

मनकर्णाबाईने नवऱ्याचा हात सावकाश गोधडीवर ठेवला.

"हे काय केलं, महाराज?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्याइच्यापाशी देण्याजोगं तेवढंच होतं. आता त्याइनं सोडाचं काय?"

तिने रुपये गोळा केले नाहीत. तांब्या उचलला, दोन पावलं गेली आणि त्यातलं पाणी कोथिंबिरीच्या वाफ्यात ओतून दिलं. मग रिकामा तांब्या पाटावर पालथा घातला आणि नवऱ्याचे डोळे पुसू लागली.

परतीच्या रस्त्यावर हरिहरने कर्ज फिटलं असं स्वतःशी म्हणून पाहिलं. मग मोठ्याने म्हणून पाहिलं. एक गाडीवान वळून बघत पुढे गेला. आत काहीच हललं नाही. छाती हलकी व्हायला हवी होती. ती हलकी झाली नाही, नुसती रिकामी झाली, आणि त्या रिकामपणात शालिकरामचं ते अर्धं हसू येऊन बसू लागलं. हरिहरला भीती वाटली. अशी भीती त्याला नापासांच्या यादीपुढेही वाटली नव्हती. त्याने मान झटकली, आणि झटकताना नाकाला खांद्यावरून एक आंबूस, चिकट वास आला. कोटावर पाच बोटांचे डाग वाळले होते. रामरावचे गाल आत गेले, चोथा तळहातावर आला, बिया अर्जाच्या कोपऱ्यावर पडल्या. म्हणूनच तू नापास झालास. ओळखीची शिसारी जिभेवर आली आणि तिथेच राहिली. हरिहरने टोपी सारखी केली. पाय आपोआप भराभर पडू लागले. हॉटेलावरून जाताना त्याने आत पाहिलंसुद्धा नाही.

रमा दारातच उभी होती.

"सोडलं का पाणी?" तिने विचारलं. "मोकळे झाले का ते?"

"पहिल्या तारखेला अकोल्याला जायचं आहे," हरिहर म्हणाला. आज पुष्कळ दिवसांनी त्याच्या आवाजात उमेद होती. त्याने सगळं सांगितलं, रुपये कसे ओतले ते, रामराव संत्रं कसं चोखतो ते, गाल आत ओढून त्याची नक्कलही करून दाखवली. रमा ऐकत होती. तिच्या नाकपुड्या किंचित आक्रसल्या, ओठांची एक कड खाली गेली, आणि हा चेहरा आपण कुठे पाहिला आहे ते हरिहरला चटकन आठवेना. मग तिने पदर आवरून अंगाशी धरला, त्याचा धक्का लागू नये इतकी बाजूला झाली, आणि त्याला आत जायला वाट दिली.